छायाचित्राचें वजन

आपल्या जिल्ह्यांत फोटो काढवून घेणें हा पूर्वीं एक लहानसा समारंभच असे. धुतलेले कपडे अंगावर चढवावे, केंसांस तेल लावावें, तालुक्याच्या गांवीं स्टुडिओंत जाऊन रंगविलेल्या पडद्यापुढें खुर्चीवर ताठ बसावें, आणि आठ दिवसांनीं तीन प्रती पाकिटांत घालून घरीं आणाव्या, असा तो क्रम होता. अर्जावर चौकोन छापलेला असे. त्यांत बसेल एवढी प्रत कात्रीनें कापून खळीनें डकविली म्हणजे काम झालें. आतां अर्ज कागदाचा राहिला नाहीं आणि फोटोही कागदाचा राहिला नाहीं. मोबाइलनें क्षणार्धांत काढलेलें चित्र अर्जास जोडावयास जावें, तों समोर तांबड्या अक्षरांत सूचना उमटते, कीं फाईल फार मोठी आहे. मूल गोंधळतें, आणि पालक त्याहून अधिक गोंधळतात. कारण डोळ्यांस तर तें चित्र तळहाताहून मोठें दिसत नाहीं. मग तें मोठें कशानें झालें?

या प्रश्नाचें उत्तर कोपऱ्यावरच्या दुकानदारानें न देतां शाळेनें दिलें पाहिजे, असें माझें स्पष्ट मत आहे. हा विषय वस्तुतः आमच्या गणिताच्या किंवा विज्ञानाच्या शिक्षकबंधूंनीं हातीं घ्यावयाचा. परंतु सारांशलेखन शिकविणाऱ्या भाषाशिक्षकासही यांत बोलण्याचा थोडा अधिकार आहे, तो कसा हें पुढें दिसून येईल.

प्रथम मागणी काय असते तें पाहूं. उत्पन्नाचा, जातीचा किंवा रहिवासाचा दाखला ‘आपले सरकार’ या संकेतस्थळावरून मागावयाचा झाल्यास अर्जदाराचा फोटो १६० बिंदू रुंद, २०० ते २१२ बिंदू उंच आणि ५ ते २० केबी वजनाचा असावा, असा नियम तेथें वर्षानुवर्षें चालत आला आहे. बँकांच्या नोकरभरतीच्या सामाईक परीक्षा घेणारी आयबीपीएस ही संस्था आपल्या जाहिरातींत फोटोसाठीं २०० गुणिले २३० बिंदू व २० ते ५० केबी, आणि सहीसाठीं १४० गुणिले ६० बिंदू व १० ते २० केबी, अशीं मापें छापीत आली आहे. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी संकेतस्थळावर दाखले चढवितांनाही अशीच कमाल-किमान मर्यादा पाळावी लागते. थोडक्यांत, दहावीच्या पुढें पाऊल टाकणाऱ्या आपल्या प्रत्येक मुलास हें दार ओलांडावेंच लागतें. ज्यास तें ओलांडतां येत नाहीं, त्याची बुद्धि, त्याचे गुण आणि त्याची गरज हीं सर्व दाराबाहेर तिष्ठत राहतात.

आतां वजनाचा प्रकार समजून घेऊं. मोबाइलच्या पडद्यावरील चित्र हें अत्यंत बारीक चौकोनी ठिपक्यांचें बनलेलें असतें. वर्तमानपत्रांतील छापील फोटो भिंगाखालीं धरून पाहिला असतां जसे लहानमोठे ठिपके दिसतात, तशांतलाच हा प्रकार होय. या ठिपक्यास पिक्सेल म्हणतात. आपण त्यास बिंदू म्हणूं. अशा बिंदूंनीं बनलेलें, यंत्रांत भरलेलें पहिलें छायाचित्र १९५७ सालीं अमेरिकेंत रसेल किर्श या शास्त्रज्ञानें तयार केलें. त्यानें आपल्या तीन महिन्यांच्या मुलाचा फोटो यंत्रापुढें धरला होता. तें चित्र १७६ गुणिले १७६ बिंदूंचें, म्हणजे एकंदर ३०,९७६ बिंदूंचें होतें. आजचा साधा मोबाइल ४,००० गुणिले ३,००० बिंदूंचें, म्हणजे एक कोटि वीस लक्ष बिंदूंचें चित्र काढतो. प्रत्येक बिंदूचा रंग सांगण्यास तांबडा, हिरवा व निळा अशा तीन रंगांचे तीन आंकडे लागतात, आणि प्रत्येक आंकडा यंत्राच्या वहींत एक घर, म्हणजे एक बाइट, अडवितो. गुणाकार करून पाहा: तीन कोटि साठ लक्ष बाइट! सुमारें एक हजार बाइटांचा एक केबी आणि एक हजार केबींचा एक एमबी, या हिशेबानें तें चित्र छत्तीस एमबींचें व्हावयास पाहिजे. परंतु मोबाइलमध्यें पाहावें तर तें तीन-चार एमबींचेंच भरतें. म्हणजे ज्यास आपण ‘मोठी फाईल’ म्हणून नांवें ठेवतों, तीही मोबाइलनें आपल्यास न विचारतां नऊ-दहा पटींनीं लहान करूनच ठेवलेली असते.

ही किमया ज्या पद्धतीनें होते तिचें नांव जेपीईजी. फाईलच्या नांवाच्या शेवटीं ‘जेपीजी’ हीं अक्षरें सर्वांनीं पाहिलीं असतील. तज्ज्ञांच्या एका मंडळानें ती पद्धति सिद्ध केली व १९९२ सालीं ती जगन्मान्य प्रमाण म्हणून पुढें आली. पण तिचा गाभा एका भारतीयानें रचिलेला आहे, ही गोष्ट आपल्या मुलांस क्वचितच कोणी सांगतो. नसीर अहमद हे १९४० सालीं बंगलोर येथें जन्मले. तेथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून १९६१ सालीं पदवी घेऊन ते अमेरिकेंत गेले व पुढें कॅन्सस संस्थानांतील विद्यापीठांत शिकवूं लागले. चित्रांतील आंकडे आटोपशीर करण्याची एक गणिती युक्ति त्यांस सुचली. तिच्या अभ्यासासाठीं त्यांनीं १९७२ सालीं तेथील राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे अनुदान मागितलें, तें नाकारण्यांत आलें. त्यांनीं काम सोडलें नाहीं. टी. नटराजन व के. आर. राव या दोघां भारतीय सहकाऱ्यांसह त्यांनीं ती युक्ति १९७४ च्या जानेवारींत प्रसिद्ध केली. आज या पृथ्वीवर जो कोणी फोटो पाठवितो तो बहुधा त्यांच्याच गणितानें पाठवितो.

ती युक्ति आपल्या परिचयाच्या दृश्यावर लावून पाहूं. बीड शहरांतील कंकालेश्वराचें दगडी मंदिर कुंडाच्या मध्यभागीं पाण्यानें वेढलेलें उभें आहे. त्याचा फोटो काढला, तर वरच्या भागांत निरभ्र आकाश येतें, मध्यें कोरीव भिंती येतात, आणि खालीं पाणी. जेपीईजी प्रथम या चित्राचे आठ बिंदू रुंद व आठ बिंदू उंच असे चिमुकले चौरस पाडते. प्रत्येक चौरसांत चौसष्ट बिंदू आले. आकाशांतील चौरस घेतला तर त्याचे चौसष्टही बिंदू जवळजवळ एकाच निळ्या छटेचे असतात. ते चौसष्ट वेळां सांगण्याचें प्रयोजन काय? ‘सगळा चौरस या छटेचा’ एवढें म्हटलें कीं पुरे. भिंतीवरील मूर्तीचा चौरस मात्र इतक्या स्वस्तांत सांगतां येत नाहीं. तेथें उजेड व सावली बोटाबोटावर बदलते. नसीर अहमद यांची रीति अशी, कीं प्रत्येक चौरस म्हणजे चौसष्ट ठराविक नमुन्यांची मिसळ समजावी. पहिला नमुना अगदीं सपाट, पुढचे क्रमाक्रमानें अधिकाधिक बारीक पट्ट्यांचे व चौकटींचे. कोणता नमुना किती घातला, तेवढें प्रमाण लिहून ठेवावें. मग यंत्र बारीक नमुन्यांचीं प्रमाणें ढोबळ करून टाकतें, व त्यांतील पुष्कळशीं शून्य होतात. ओळीनें आलेलीं शून्यें एकेक न लिहितां एकदम मोजून लिहिलीं, कीं जागा वांचली.

मनुष्याच्या डोळ्याचीही येथें परीक्षा झाली आहे. आपला डोळा उजेड-अंधाराचा फरक फार बारकाईनें टिपतो, पण रंगाचा तितक्या बारकाईनें टिपत नाहीं. म्हणून ही पद्धति उजेडाची माहिती पूर्ण ठेवते आणि रंगाची बहुधा चार बिंदूंमागें एकदांच ठेवते. फसवणूकच ही, पण अशी, कीं फसलेल्यास तिचा पत्ताही लागत नाहीं. शेवटीं जे आंकडे वारंवार येतात त्यांस आंखूड खूण व जे क्वचित् येतात त्यांस लांब खूण, असा संकेत लावून सर्व मजकूर बांधला जातो. हा संकेत डेव्हिड हफमन यानें काढला. तो तेव्हां विद्यार्थी होता. अंतिम परीक्षा द्या किंवा त्याऐवजीं निबंध लिहा, अशी सवलत त्याच्या अध्यापकांनीं दिली असतां त्यानें निबंध पत्करला, आणि त्यांतून निघालेली ही रीति १९५२ सालीं प्रसिद्ध झाली. (परीक्षा चुकविण्याचा हा मार्ग आमच्या विद्यार्थ्यांस अवश्य मोकळा आहे, मात्र निबंध त्या तोलाचा पाहिजे.)

येथपर्यंत वाचल्यावर भाषाशिक्षकाचा संबंध ध्यानांत येईल. पूर्वीं तार करितांना शब्दागणिक पैसे पडत, म्हणून लोक शब्द तोलून लिहीत. २०१३ च्या जुलै महिन्यांत आपल्या देशांतील तारसेवा बंद झाली, त्याबरोबर ती संवयही गेली. वर्गांत आम्ही दोन पृष्ठांचा उतारा देतों आणि त्याचा सारांश एक-तृतीयांशांत लिहा म्हणून सांगतों. चांगला विद्यार्थी पाल्हाळ गाळतो, दृष्टांत गाळतो, आणि मुद्दा राखतो. मंद विद्यार्थी प्रत्येक वाक्यांतील दोन-दोन शब्द गाळतो आणि कशाचाच अर्थ शिल्लक ठेवीत नाहीं. फोटोचें वजन उतरविण्यांतही हे दोन्ही प्रकारचे विद्यार्थी आढळतात. आणखी एक साम्य फार महत्त्वाचें आहे. सारांशावरून मूळ उतारा पुन्हां लिहितां येत नाहीं. जेपीईजीनें जें गाळलें तें गाळलेंच. पुढें कोणत्याही यंत्रानें तें खरेपणानें परत येत नाहीं. लहान झालेलें चित्र ओढून मोठें केलें म्हणजे तपशील येतो असें नव्हे, केवळ ठिपके मोठे होतात. आणि सारांशाचा सारांश, त्याचाही सारांश, असें करीत गेल्यास जें होतें तेंच वारंवार जतन केलेल्या फोटोचेंही होतें.

आतां प्रत्यक्ष हिशेब. वर सांगितलेला एक कोटि वीस लक्ष बिंदूंचा फोटो पन्नास केबींत बसवावयाचा आहे असें समजा. आमच्यांतील पुष्कळजण लांबी-रुंदी तशीच ठेवतात आणि ‘दर्जा’ कमी करण्याची सरकपट्टी डावीकडे ओढीत नेतात. त्या चित्रांत आठ-आठ बिंदूंचे चौरस किती? एक कोटि वीस लक्षांस चौसष्टांनीं भागावें: १,८७,५००. पन्नास केबी म्हणजे ५१,२०० बाइट, म्हणजे ४,०९,६०० बिट. बाइटाचे आठ भाग केले असतां एकेका भागास बिट म्हणतात. वांटणी केली तर प्रत्येक चौरसाच्या वांट्यास अवघे दोन बिट! दोन बिटांत ‘होय-नाहीं’ असें दोनदां सांगतां येतें, त्यापलीकडे कांहीं नाहीं. एवढ्यांत डोळा, भुंवई, ओंठ यांचें वर्णन कसें व्हावें? म्हणून चेहरा फुटतो, गालांवर चौकटी उमटतात, आणि इतकें करूनही फाईल मर्यादेंत येत नाहीं.

याच्या उलट, प्रथम चित्राची लांबी-रुंदीच २०० गुणिले २३० केली तर एकंदर बिंदू ४६,००० राहतात. म्हणजे मूळच्या दोनशें साठाव्या हिश्श्याच्या आसपास. त्यांत चौरस सुमारें सव्वासातशें. तेच पन्नास केबी आतां या सव्वासातशें चौरसांत वांटले तर प्रत्येकास साडेपांचशेंहून अधिक बिट मिळतात. कोठें दोन आणि कोठें साडेपांचशें! या दुसऱ्या रीतीनें दर्ज्यास हात लावण्याची गरजच बहुधा पडत नाहीं. मीं ज्या मुलांस हा भागाकार फळ्यावर करून दाखविला, त्यांनीं पुन्हां कधीं ती सरकपट्टी आधीं ओढली नाहीं.

तेव्हां क्रम असा धरावा. चांगल्या उजेडांत, पांढऱ्या भिंतीपुढें फोटो घ्यावा. सपाट पांढऱ्या भिंतीचे चौरस यंत्रास फुकट पडतात, आणि फुलांच्या पडद्याचे किंवा बाभळीच्या पानांचे महाग पडतात, हें वर आलेंच आहे. नंतर चेहरा व खांदे ठेवून भोंवतालचें सर्व कापावें. मग लांबी-रुंदी अर्जांत मागितली असेल तेवढी करावी. एवढ्यानेंही वजन अधिक राहिलें तरच दर्जा किंचित् उतरवावा. हीं कामें बहुतेक मोबाइलांच्या व संगणकांच्या मूळच्याच सामग्रीनें होतात. त्यांसाठीं कांहीं विकत घ्यावें लागत नाहीं. कित्येकदां फोटो उलट फारच हलका होऊन किमान मर्यादेच्या खालीं जातो व तोही नाकारला जातो. अशा वेळीं मूळ चित्रापासून पुन्हां आरंभ करावा, त्याच हलक्या प्रतीस फुगवूं नये.

फाईलच्या नांवांतील शेवटचीं अक्षरें खोडून ‘जेपीजी’ असें लिहिल्यानें चित्राचा प्रकार बदलत नाहीं, हेंही सांगितलें पाहिजे. पडद्याचें जें चित्र मोबाइल टिपतो, ज्यास सर्वजण स्क्रीनशॉट म्हणतात, तें पुष्कळदां पीएनजी प्रकारचें असतें. हा प्रकार कांहींच गाळीत नाहीं, म्हणून छायाचित्रास तो जड पडतो. आयफोन तर २०१७ पासून निराळ्याच प्रकारांत फोटो ठेवूं लागला आहे आणि तो प्रकार पुष्कळशा अर्जांच्या पचनीं पडत नाहीं. आपल्या खेड्यांत आयफोन किती, असें कोणी म्हणेल. पण पुण्यास नोकरीस असलेल्या मामानें दिवाळीस काढलेला फोटो हमखास त्याच प्रकारचा असतो.

आतां जो भाग माझ्या मनास अधिक लागलेला आहे त्याकडे वळतों. आपला जिल्हा ऊसतोडणी कामगारांचा म्हणून सर्व महाराष्ट्रांत ओळखला जातो. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर, आष्टी या बाजूंचीं कितीएक गांवें व तांडे ओस पडतात. आईबाप सातारा, सांगली, कोल्हापुराकडे, नाहीं तर कर्नाटकांत कारखान्याच्या फडावर राहतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशीं परततात. मुलें आजीपाशीं किंवा वसतिगृहांत असतात. नेमक्या याच महिन्यांत शिष्यवृत्त्यांच्या व परीक्षांच्या अर्जांच्या मुदती येतात. वडिलांचें आधारकार्ड पाहिजे, रेशनकार्ड पाहिजे, सही पाहिजे; आणि हीं सर्व तीनशें-चारशें किलोमीटरांवर उसाच्या पाचटांतील एका लोखंडी पेटींत असतात. बाप दिवसभराची तोड संपवून रात्रीं खोपींत मोबाइलच्या दिव्याच्या उजेडांत आधारकार्डाचा फोटो काढतो व व्हॉट्सॲपनें पाठवितो. तो आधींच अंधुक असतो. व्हॉट्सॲप पाठवितांना त्याची मोठी बाजू दीड हजार बिंदूंच्या आसपास आणतें व दर्जाही उतरवितें. आजीचा मोबाइल साधा, म्हणून तो फोटो प्रथम चुलत्याकडे येतो, चुलता त्याचा स्क्रीनशॉट काढून मुलास धाडतो, मूल तो दुकानांत नेतें, आणि दुकानदार त्यास मर्यादेंत बसविण्यासाठीं चौथ्यांदा दाबतो. मी मागें म्हटलें तोच हा सारांशाचा सारांश. अखेरीस आधारचे बारा आंकडे तांदळाच्या खिरीसारखे एकमेकांत मिसळून जातात आणि अर्ज ‘कागद अवाच्य’ या शेऱ्यानिशीं परत येतो. तों मुदत संपलेली असते.

गेल्या वर्षीं आमच्या वर्गांतील एका विद्यार्थिनीच्या बाबतींत असेंच झालें. तिच्या घरचें उत्पन्न थोडें होतें, तिचे गुण भरपूर होते, आणि कागदही सगळे खरे होते. नव्हते ते फक्त वाचनीय. कोणीही तिच्याशीं दुष्टपणा केला नाहीं. प्रत्येकानें फोटो ‘पुढें पाठविला’ एवढेंच.

याचा उपाय अगदीं सोपा आहे व तो प्रत्येक पालकास ठाऊक असावा. व्हॉट्सॲपमध्यें फोटो ‘फोटो’ म्हणून न पाठवितां ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविला, तर तो एका बाइटानेंही कमी न होतां जसाच्या तसा पोहोंचतो. फोटो दिवसा, सावलींत, कार्ड सपाट ठेवून घ्यावा. स्क्रीनशॉट मुळींच काढूं नये. लहान करण्याचें काम शेवटच्या माणसानें, म्हणजे अर्ज भरणाऱ्यानें, एकदांच करावें. मधल्या कोणीही करूं नये.

दुसरा धोका याहून गुपचूप चालतो. ‘फोटोची साइझ कमी करा, मोफत’ असें सांगणारीं शेंकडों संकेतस्थळें आहेत. त्यांतील पुष्कळ प्रामाणिक असतीलही. परंतु मूल तेथें काय नेऊन ठेवतें याचा पालकांनीं विचार करावा: स्वतःचा चेहरा, बापाची सही, आईच्या अंगठ्याचा ठसा, आधारकार्डाच्या दोन्ही बाजू. कोऱ्या कागदावर सही करून ती अनोळखी माणसाच्या हातीं देऊं नये, ही शिकवण आपल्या वाडवडिलांनीं सावकाराच्या ओट्यावर महाग किंमत देऊन मिळविली. तीच सही आज आपण कोठल्या देशांत आहे हेंही ठाऊक नसलेल्या यंत्राकडे सोपवितों, आणि तीही दहा-वीस केबी वांचविण्यासाठीं. फोटो मोबाइलच्या आंतल्या आंत लहान होत असतांना तो बाहेर पाठविण्याचें कारण नाहीं. जेथें दुकानावर जाणें भागच आहे, तेथें काम झाल्यावर आपले कागद त्या संगणकांतून आपल्यासमोर पुसून घ्यावे. दुकानदारास राग येत नाहीं, येत असल्यास दुसरें दुकान पाहावें.

आतां दोन शब्द त्या मर्यादा घालणाऱ्यांविषयीं. मर्यादा असूं नये असें मी म्हणत नाहीं. दहा लक्ष उमेदवारांनीं प्रत्येकीं चार एमबींचा फोटो पाठविला तर तो चार हजार जीबींचा डोंगर होईल. पन्नास केबींच्या बंधनानें तो पन्नास जीबींवर येतो. शिवाय आमच्या डोंगरपट्ट्यांत जेथें मोबाइलला रेंज मिळविण्यासाठीं टेकडीवर चढावें लागतें, तेथें हलकी फाईल हीच जाऊं शकते. बंधन योग्य आहे. पण तें पाळण्याचा सगळा भार अर्जदाराच्या माथीं मारणें योग्य नाहीं. व्हॉट्सॲप आपणांस कधीं ‘फाईल मोठी आहे’ म्हणून परत धाडतें काय? तें मुकाट्यानें लहान करून घेतें. अर्जदाराच्याच मोबाइलमध्यें, चित्र पाठविण्यापूर्वीं, तें हव्या मापाचें करून घेण्याची सोय संकेतस्थळाच्या पानांतच करतां येते, आणि ही कांहीं दुर्मिळ विद्या राहिलेली नाहीं. राज्याच्या ई-पीक पाहणींत, जी १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली, शेतकरी आपल्या पिकाचा फोटो त्या ॲपमधूनच काढतो. त्यास केबी-एमबी कोणी विचारीत नाहीं. मग बांधावरील शेतकऱ्यास जी सवलत मिळते ती त्याच्या मुलीस शिष्यवृत्तीच्या अर्जांत कां न मिळावी? शहरांतील मुलाच्या घरीं संगणक असतो, मोठा भाऊ असतो. तो पांच मिनिटांत पार पडतो. तांड्यावरील मुलास त्याच कामासाठीं एस. टी. चें भाडें, दुकानाचे पैसे आणि शाळेचा एक दिवस द्यावा लागतो. नियमाचे शब्द दोघांस सारखे असले तरी त्यांची किंमत दोघांस सारखी पडत नाहीं. ज्यांच्या हातीं तीं संकेतस्थळें आहेत त्यांनीं हें एकदां मनावर घ्यावें.

पण त्यांनीं मनावर घेईपर्यंत शाळेनें वाट पाहत बसूं नये. कोणी म्हणतात, हें सर्व लवकरच आपोआप होऊं लागेल, मग मुलांचा वेळ कां दवडावा? आपोआप होईल तेव्हां होवो. दरवर्षीं दहावीच्या वर्गांतून एक तुकडी बाहेर पडते, आणि तिला अर्ज याच वर्षीं भरावयाचे असतात. शिवाय आठ-आठांचे चौरस, भागाकार, क्षेत्रफळ, आणि काय राखावें व काय गाळावें याचा निवाडा, यांत वेळ दवडण्यासारखें काय आहे तें मला समजत नाहीं. आयतांच्या क्षेत्रफळाचें याहून जिवंत उदाहरण पाठ्यपुस्तकांत नाहीं. दोन्ही बाजू निम्म्या केल्या तर क्षेत्रफळ एक-चतुर्थांश होतें, हें सूत्र पाठ असलेला मुलगाही फोटो निम्मा केल्यावर फाईल पाव झालेली पाहून चकित होतो. सूत्र त्यास आलें तें त्या क्षणीं.

एक गोष्ट मात्र लहान करावयाची नाहीं, आणि ती म्हणजे मूळ फोटो. मोबाइल भरला, कीं आपल्याकडे घरचे जुने फोटो पुसून टाकण्याची रीत पडली आहे. ‘व्हॉट्सॲपवर आहे कीं’ अशी समजूत असते. पुढें घरांतील वडीलधारें माणूस जातें. भिंतीवर तसबीर लावावी म्हणून मुलें स्टुडिओंत जातात, आणि हातीं असतो तो कधींतरी कोणाच्या लग्नांत काढलेल्या समूहचित्रांतून कापलेला, चार ठिकाणांहून फिरून आलेला चेहरा. छपाईस एका इंचांत सुमारें तीनशें बिंदू लागतात. दहा गुणिले बारा इंचांची तसबीर चांगली उमटावयाची तर तीन हजार गुणिले छत्तीसशें बिंदू पाहिजेत. मोबाइलनें काढलेल्या मूळ चित्रांत त्या सुमारास असतात. अर्जासाठीं दोनशें बिंदूंवर आणलेला फोटो त्याच हिशेबानें दोन सेंटिमीटरसुद्धां रुंद भरत नाहीं. स्टुडिओवाला आपल्या परीनें डोळे, मिशा रंगवून देतो. तसबीर तयार होते. पण आजोबा कोणा दुसऱ्यासारखे दिसतात, आणि नातवंडें पुढें तेच आजोबा म्हणून ओळखूं लागतात. म्हणून लहान करावयाची ती नेहमीं प्रत. मूळ चित्र निराळ्या ठिकाणीं, मेमरी कार्डावर किंवा घरांतील एखाद्या पेनड्राइव्हवर, हात न लावतां ठेवावें. शंभर मूळ फोटो तीन-चारशें एमबींत बसतात. घरांत एवढी जागा निघते.

आमच्या वर्गांसाठीं मीं अशी योजना मांडली आहे: आठवी व नववीच्या वेळापत्रकांत दिवाळीच्या सुटीपूर्वीं दोन तास या कामास द्यावे. पहिल्या तासांत प्रत्येक मुलानें एकाच फोटोच्या दोन प्रती कराव्या, एक केवळ दर्जा उतरवून आणि एक लांबी-रुंदी उतरवून, व दोन्ही शेजारीं ठेवून पाहाव्या. दुसऱ्या तासांत आपला स्वतःचा अर्जाचा फोटो व सही मापांत बसवावी. जीं मुलें घरीं मोबाइल नाहीं म्हणून संकोचतील त्यांस शाळेचा संगणक आहेच. आणि जे पालक फडावर जाणार आहेत त्यांस माझी विनंती अशी, कीं गाडी भरण्यापूर्वीं एक दिवस काढून आधारकार्ड, रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि बँकेचें पुस्तक घेऊन शाळेंत यावें. दुपारच्या चांगल्या उजेडांत आम्ही सर्वांचे फोटो काढूं, मूळ प्रती मुलाच्या नांवानें बंद पाकिटांतील कार्डावर ठेवूं, तें पाकीट मुलाच्या आजीच्या किंवा वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या स्वाधीन करूं, आणि कोऱ्या कागदावरील सही मात्र कोणाचीही ठेवून घेणार नाहीं. येतांना मोबाइलची भरणी करून आणावी. वर्गांत विजेच्या खुंट्या दोनच आहेत.